वाऱ्याच्या रात्री मृग टिपताना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

घोडबंदर रस्त्यावरच्या तुमच्या इमारतीच्या गच्चीवरून तू टिपलेली मृग नक्षत्राची तिन्ही छायाचित्रे पाहिली. लेन्स बदलावी का, असे तू विचारले आहेस. एवढ्यात बदलू नकोस. तिन्ही फ्रेम तीन निराळ्या कारणांनी बिघडल्या आहेत आणि प्रत्येकीचे कारण ताऱ्यांच्या आकारातच दिसते आहे.

पहिल्या फ्रेममध्ये मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाच्या तीन ताऱ्यांच्या सरळ, सारख्या लांबीच्या रेघा झाल्या आहेत. हा पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम. आकाश सेकंदाला 15 विकला (एक विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) सरकते आणि तुझ्या 50 मिमी लेन्सवर व क्रॉप, म्हणजे लहान आकाराच्या, सेन्सरवर ते सरकणे साधारण एक पिक्सेल भरते. हे तीन तारे खगोलीय विषुववृत्तालगत असल्यामुळे त्यांची रेघ सर्वांत लांब उमटते. रेघ न उमटता शटर किती सेकंद उघडे ठेवता येते, याचा एक ठोकताळा आहे: 500 ला 75 ने, म्हणजे (क्रॉप सेन्सरमुळे) 50 च्या दीडपटीने, भागले तर सुमारे साडेसहा सेकंद येतात. मी तर चारच सेकंद ठेवतो. तू वीस ठेवले होतेस.

दुसऱ्या फ्रेममधले तारे टिकलीएवढे गोल झाले आहेत, तो फोकसचा दोष. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नकोस. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावर, व्याधाचा ठळक तारा दहापट मोठा करून, तो लहानात लहान ठिपका दिसेपर्यंत रिंग फिरव आणि मग तिला चिकटपट्टी लाव. रात्र थंड होत गेली की फोकस किंचित ढळतो, म्हणून तासाभराने पुन्हा तपास.

तिसरी फ्रेम मला सर्वांत आवडली. तिच्यात प्रत्येक ठळक ताऱ्याला एकच नागमोडी शेपूट आहे, काक्षीला (बीटलज्यूस) जशी तशीच राजन्यालाही (रायगेल). सगळ्यांची वळणे हुबेहूब सारखी, याचा अर्थ कॅमेराच हलला आणि त्या रात्री तो वाऱ्यानेच हलला असणार. उंच इमारतीच्या कठड्याशी वारा जमिनीपेक्षा जोरात वाहतो. तेव्हा पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बस, ट्रायपॉडचे पाय रुंद पसर आणि मधला दांडा अजिबात वर काढू नकोस. कॅमेऱ्याचा पट्टा सोडून ठेव, कारण तो शिडासारखा वारा धरतो. लेन्सचे हूडही काढ. ते दवापासून वाचवते खरे, पण वारा असताना सहसा दव धरत नाही. शटरला दोन सेकंदांचा टायमर लाव, लेन्सचे कंपनरोधक बटण बंद कर. ट्रायपॉडला वजन म्हणून पिशवी अडकवलीस तर तिचा तळ जमिनीला टेकलेला असू दे. माळशेज घाटात मी भरलेली पिशवी अधांतरी टांगली होती. ती रात्रभर लंबकासारखी झुलत राहिली आणि माझ्या सगळ्या फ्रेम वाया गेल्या.

तरीही वाऱ्यावर रुसू नकोस. ठाण्यावर एरवी साचून राहणारा धुरकटपणा हिवाळ्यातला उत्तरेचा वारा बराच हटवतो. अशा रात्री तारे फार लुकलुकत असतील, तर दुर्बिणीतून गुरूचे पट्टे पाहण्याचा हट्ट धरू नये, पण रुंद चौकटीत नक्षत्र टिपायला ती रात्र उत्तम. चार सेकंदांच्या शंभर फ्रेम रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये) काढ, वाऱ्याने हललेल्या निर्दयपणे गाळ आणि उरलेल्या स्टॅक कर, म्हणजे एकावर एक जुळवून त्यांची सरासरी काढ. सिरिल हे सॉफ्टवेअर त्यासाठी फुकट मिळते. 64 फ्रेम जरी उरल्या, तरी एका फ्रेमच्या तुलनेत नॉइज (चित्रातला दाणेदारपणा) आठपट खाली येतो आणि बाणाच्या खालचा अंधूक तेजोमेघ शहराच्या उजेडातूनही वर येऊ लागतो.

आकाशदर्शनासाठी वांगणीला पुढे जाऊच, पण ग्रुपबरोबर आणि परतीची लोकल आधी पाहून. तोवर गच्ची पुरे. जानेवारीच्या मध्याला साडेदहाच्या सुमारास मृग दक्षिणेला सर्वांत उंच येतो. दहालाच वर जा आणि पहिली वीस मिनिटे कॅमेरा पिशवीत ठेवून नुसत्या डोळ्यांनी पाहा. टॉर्चला लाल पतंगी कागदाचे दोन थर लाव. कानटोपी घे आणि कॅमेऱ्याची जादा बॅटरी आतल्या खिशात ठेव, गारठ्यात ती लवकर उतरते.

आणि वॉचमनला आठवणीने सांगून जा. आमच्याकडे त्याने अकराला गच्चीला कुलूप लावले, तेव्हा मी वरच होतो.

तुझा,
काका