आयातशुल्काचे ‘समायोजन’ की कपात?

ठाण्यात नौपाड्याला राहणाऱ्या आणि न्हावा-शेवा बंदरातून येणाऱ्या मालाची कागदपत्रे रोज हाताळणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, ‘द्विपक्षीय व्यापार करारानुसार आयातशुल्काचे समायोजन करण्यात आले’ हे वाक्य बरोबर आहे का, आणि त्यात ‘आयातशुल्क’ऐवजी ‘जकात’ चालेल का.

व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष आहे, पण शुल्क वाढले की घटले हेच त्यातून कळत नाही. ‘समायोजन’ म्हणजे इकडचे तिकडे लावून मेळ घालणे. आगाऊ दिलेली रक्कम देय रकमेतून वळती करणे हे समायोजन, आणि अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांना दुसऱ्या शाळेत सामावून घेणे हेही समायोजनच. सीमाशुल्काच्या कामातही या शब्दाला हक्काची जागा आहे: तात्पुरत्या आकारणीनुसार भरलेली रक्कम अंतिम आकारणीत जमा धरतात, तेव्हा तिचे समायोजन होते. त्यामुळे प्रश्नकर्त्यांच्याच कचेरीत हे वाक्य वाचणारा माणूस ‘भरलेले पैसे वळते झाले’ असा अर्थ घेईल. दराबद्दल बोलायचे असेल तर सरळ ‘कपात’ किंवा ‘वाढ’ म्हणावे. काही वस्तूंचे दर चढले आणि काहींचे उतरले असतील, तर ‘फेरबदल’ हा शब्द आहेच. ‘समायोजन’ लिहिण्यात मला बरेचदा कपात झाली असे स्पष्ट न म्हणण्याची सोय दिसते.

याहून मोठा घोटाळा प्रत्ययात होतो. भारत आणि ब्रिटन यांच्यात २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या करारात व्हिस्कीवरील १५० टक्के शुल्क प्रथम ७५ टक्क्यांवर आणि पुढे दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांवर आणण्याचे ठरले. येथे ‘७५ टक्क्यांवर’ऐवजी ‘७५ टक्क्यांनी’ असे पडले, तर काटेकोर वाचक १५० चे ७५ टक्के वजा करून साडेसदतीस टक्के दर काढील, आणि त्याचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. ‘नी’ने किती घटले ते कळते, ‘वर’ने कुठवर आले ते.

देशाचे नावही गाळू नये. करारातील सवलत त्या देशात उत्पादित झालेल्या आणि तसा मूळ देशाचा दाखला असलेल्या मालालाच मिळते. तीच वस्तू अशी सवलत नसलेल्या देशातून आली, तर तिला नेहमीचा दर लागतो. म्हणून नुसते ‘आयातशुल्क घटले’ हे विधान अर्धवट राहते. ‘अमुक करारान्वये तमुक देशाच्या मालावरील आयातशुल्क इतक्या टक्क्यांवरून इतक्या टक्क्यांवर आणले’ असे लिहावे.

राहिली ‘जकात’. जुन्या मराठी अर्थशास्त्रीय लेखनात ‘आयात जकात’ आणि ‘संरक्षक जकात’ सर्रास आढळतात, तेव्हा तो प्रयोग चुकीचा मुळीच नाही. परंतु आयातशुल्क ज्या कायद्याने आकारले जाते, त्या १९६२ च्या कायद्याचे नाव सीमाशुल्काचे आहे आणि जकात म्हटले की आपल्याकडे शहराच्या वेशीवरची वसुलीच आठवते. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा संपली. तरीही ठाण्यात रिक्षावाल्याला ‘आनंदनगर जकात नाका’ एवढे सांगितले की तो पुढे काही न विचारता मीटर टाकतो.