उमरेडजवळ काळी जमीन आहे, सोयाबीनच्या मुळांना गाठीच नाहीत. जमीन आम्ल झाली असेल का, चुना टाकू का?

थांबा, चुन्याची पोती इतक्यात आणू नका. आपल्या नागपूर भागातल्या काळ्या मातीचा सामू (pH, 7 च्या खाली म्हणजे आम्ल) बहुतेक ठिकाणी 7.5 च्या वरच निघतो. घरीच बघा: कोरड्या ढेकळावर थोडं व्हिनेगर ओता. फसफसलं, तर मातीत चुनखडी आधीच आहे. आमच्या धुऱ्याजवळ तर पाऊस पडून गेला की पांढरे खडे उघडे पडतात.

आम्लाची गोष्ट खोटी नाही, पण ती कोकणातल्या जांभ्या जमिनीसारख्या ठिकाणची. सामू 5.5 च्या खाली गेला की मातीतलं अ‍ॅल्युमिनियम विरघळायला लागतं. मुळाचं टोक आखूड, जाडसर होतं आणि बारीक केसमुळं नीट फुटत नाहीत. गाठी बनवणाऱ्या रायझोबियम जिवाणूची वाट नेमकी तीच! मूळ आधी एक रसायन सोडून त्याला बोलावतं, तो उलट निरोप धाडतो, मग केसमूळ वळून त्याला कवेत घेतं. आम्ल मातीत ही सोयरीक जुळायच्या आतच मोडते. कॅल्शियम कमी पडलं तर जिवाणू मुळाला धड चिकटतही नाही. चार गाठी आल्याच, तर मॉलिब्डेनमची वानवा. हवेतला नत्र बांधणाऱ्या विकराला ते लागतंच. वरून युरिया दिलेला असला की पीक हिरवंगार दिसतं आणि यातलं काही कळत नाही.

एका वर्षी माझ्याकडेही गाठी नव्हत्या. मीही मातीलाच बोल लावला. खरी चूक घमेल्यात झाली होती: बियाण्याला लावायचं बुरशीनाशक आणि रायझोबियमचं संवर्धक एकत्रच कालवलं होतं. शिवाय पाकीट अख्खा मे महिना टिनाच्या शेडात पडून. नागपूरचा मे! त्यात जिवंत काय राहणार? आता बुरशीनाशक आधी लावतो, ते सुकलं की शेवटी रायझोबियम, 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅमचं पाकीट, सावलीत वाळवून लगेच पेरणी. पाणी साचणाऱ्या चिबड तुकड्यात मात्र एवढं करूनही गाठी कमीच येतात.

आणि झाड उपटून पाहिलंत का? उपटलं की गाठी मातीतच राहतात. साधारण 40 दिवसांच्या झाडाभोवती कुदळीने खणून ढेकूळ पाण्यात भिजवा, मग बघा. गाठ नखाने चिरली की आत गुलाबी दिसली तर काम चालू आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

माती तपासून घ्याच. सामू खरंच 5.5 च्या खाली निघाला, तर प्रयोगशाळा सांगेल तेवढा चुना पेरणीच्या काही आठवडे आधी टाका. पण तो 8 च्या आसपास असेल आणि कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या दिसत असतील, तर ती लोहाची कमतरता आहे. चुन्याने ती आणखी वाढेल.