हाताला घट्टे पडतील म्हणून थांबवू नका

सोलापुरातल्या विडी घरकुलातून एका आईचं पत्र आलंय. मुलगी नववीत, वर्षभर वेटलिफ्टिंग करतेय, जिल्हा शालेय स्पर्धेत दुसरी आली. आजी म्हणते, हात राठ होतील, उंची खुंटेल, लग्नाला अडचण येईल. आई विचारते, "यात तिचं पुढं काही होईल का, की आत्ताच बंद करू?"

ताई, बंद करू नका.

आधी हाताचं बोलू. विडीची पानं कापून तुमच्या अंगठ्याला कात्रीचा घट्टा पडलाय, असं तुम्हीच लिहिलंय. त्यावर घरात कधी कुणी हरकत घेतली का? मुलीच्या तळव्याला दांड्याचा घट्टा पडेल. तो वाढला की घासून सारखा करायचा, नाहीतर सोलून निघतो. उंचीची भीती सोडा. नीट शिकवणारे सर असतील तर वजन उचलून उंची खुंटत नाही. पण पावडर, गोळ्या, इंजेक्शन असलं काही कुणी सुचवलं, तर त्या दिवसापासून मुलीला तिथं पाठवू नका. उत्तेजक चाचणीत सापडून या खेळातल्या कितीतरी मुलामुलींची वर्षं वाया गेली आहेत.

तुमच्या घरी तेलुगू बोलतात, म्हणून आजींना करनम मल्लेश्वरीचं सांगा. श्रीकाकुलमकडची मुलगी. 1994 आणि 1995 साली जगज्जेती झाली, तरी घराघरांत नाव पोचलं ते 2000 साली, सिडनीत. महिलांचं वेटलिफ्टिंग तेव्हाच पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं होतं. स्नॅचमध्ये, म्हणजे एका दमात वजन डोक्यावर नेताना, 110, क्लीन अँड जर्कमध्ये, म्हणजे आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर नेताना, 130, एकूण 240 किलो आणि कांस्यपदक. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. सुवर्ण अवघ्या अडीच किलोंनी हुकलं. मीराबाई चानूचं तर 2016 ला रिओत क्लीन अँड जर्कचं एकही वजन नीट उचललं गेलं नाही. पुढच्याच वर्षी ती जगज्जेती झाली आणि टोकियोत तिनं रौप्य आणलं.

इतक्या उंचीवर फार थोड्या पोचतात, हे मनापासून सांगते. म्हणून तुमचं गणित पदकावर नको, नोकरीवर मांडा. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, रेल्वेत खेळाडूंची वेगळी भरती होते. त्यासाठी राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांतली कामगिरी लागते, शिवाय क्रीडा विभागाकडून प्रमाणपत्राची पडताळणी. तेव्हा प्रत्येक प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये जपा, नाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळतेय ना ते त्याच दिवशी बघा. एका अक्षराच्या चुकीपायी रडणाऱ्या मुली मी पाहिल्यात. खेळाडूंना दहावीत मिळणाऱ्या वाढीव गुणांचं आत्ताच शाळेत विचारून ठेवा. अभ्यास मात्र सुटू देऊ नका, नोकरीला शिक्षण लागतंच.

आणि पुढच्या स्पर्धेला तुम्ही स्वतः जा, आजींनाही न्या. त्या दिवशी विड्या कमी होतील, होऊ देत.