पुस्तक परत हातात घे

अगं,

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला, म्हणजे लेक झोपल्यावर आणि तू पुरती वैतागल्यावर. ‘सात वर्षांची झाली, फाडफाड वाचता येतं, म्हणून मी वाचून दाखवणं बंद केलं. तर आता ती पुस्तकाला हातच लावत नाही.’ आणि वर विचारतेस, चुकलं कुठे? तूच लिहिलंयस की! पुस्तक परत हातात घे.

सवय लागेल, आयतं मागेल, ही तुझी भीती. मूल चालायला लागलं म्हणून आपण त्याला कडेवर घ्यायचं सोडतो का? या वयात वाचणं म्हणजे निम्मी मेहनत अक्षरं जुळवण्यातच जाते. कानाने मात्र ती तिच्या वाचनाच्या कितीतरी पुढची गोष्ट समजू शकते आणि हे अंतर पुढची बरीच वर्षं राहतं. तिला हवी आहेत वादळात सापडलेली जहाजं आणि स्वतःच्या ताकदीवर वाचायचं म्हटलं की मिळतात मोठ्या टाइपातल्या चार ओळी. कंटाळणार नाही तर काय करेल?

शब्दांचंही तेच. तुझं-तिचं दिवसभराचं बोलणं आठव: आवर, जेव, दप्तर भर, झोप. 1988 साली हेज आणि अहरेन्स या दोन संशोधकांनी इंग्रजीतले शब्द मोजले होते. शिकल्यासवरल्या माणसांच्या गप्पांपेक्षा मुलांच्या पुस्तकांत एरवी क्वचितच ऐकायला मिळणारे शब्द जास्त निघाले. ते शब्द तिच्या कानावर कुठून पडणार? तुझ्या तोंडून. म्हणून म्हणते, पुस्तक परत हातात घे.

मी हे शहाणपणाने सांगत नाहीये. थोरल्याच्या बाबतीत मी नेमकं तुझ्यासारखंच केलं. दुसरीत तो घडाघडा वाचायला लागला, त्या रात्री पुस्तक त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, ‘आता तू मोठा झालास.’ कौतुकानेच म्हटलं होतं. त्याने एवढंच विचारलं, ‘मग तू इथे बसणार नाहीस?’ मी म्हटलं, पेपर तपासायचेत. खरंच होते गं, साठ पोरांचे, आणि सकाळी सातची शाळा. सबब नव्हती ती. घरात दुसरं कुणी हात लावणारं नव्हतं, आणि दिवसभर वर्गात बोलून घसा बसलेला असायचा. असो. तो आज कामापुरतं वाचतो. धाकटीला मात्र मी ती अकरा वर्षांची होईपर्यंत वाचून दाखवलं, ती पुस्तकांशिवाय राहत नाही. दोन पोरांवरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. तरी माझा हेका सोडणार नाही.

आणि गोष्ट संपल्यावर ‘यातून काय शिकलीस?’ हे अजिबात विचारू नकोस. ही आम्हा शिक्षकांची खोड. अंथरुणात परीक्षा कोण देईल? तिनेच मध्ये काही विचारलं तर थांब, गप्पा मारा, गोष्ट राहिली तरी चालेल. तेच पुस्तक दहाव्यांदा मागितलं तर दहाव्यांदा वाच. तुला कंटाळा येतो, तिला येत नाही. लहान मुलं नवे शब्द पकडतात ते बऱ्याचदा अशा पुन्हापुन्हा ऐकण्यातूनच.

मोबाइल दुसऱ्या खोलीत, तुझासुद्धा. स्क्रीनच्या उजेडाने झोप आणणारं मेलाटोनिन कमी होतं वगैरे आहेच, पण माझी तक्रार साधी आहे: तू एका डोळ्याने मेसेज बघत वाचतेस, हे तिला तुझ्या आवाजावरून कळतं. पंधरा मिनिटं पुरे. रंगात आलं की थांब, पुस्तक उशीशी उघडंच ठेव आणि दिवा आणखी दहा मिनिटं राहू दे. ‘वाच’ म्हणायचं नाही. उचललं तर उचललं.

दमलेली असशील, वाचता वाचता डोळा लागेल. लागू दे. धाकटी मला कोपराने ढोसायची. एकदा तिने ढोसलंच नाही, आणि मला जाग आली तेव्हा ती दोन पानं पुढे गेली होती.

तुझी,
मावशी