लेझरचे डाग आणि दोन वर्षांची मुदत

प्रश्न : मुरमांच्या खड्ड्यांसाठी फ्रॅक्शनल सीओटू लेझरच्या चार सिटिंग घेतल्या. तिसऱ्या सिटिंगनंतर महिन्याभरात गालांवर तपकिरी-काळे डाग आले. "होतं असं, जातील," म्हणत क्लिनिकने आठ आठवड्यांनी चौथी सिटिंग केली, तीही "थोडी पॉवर वाढवून". पुढे डागांसाठी मोफत टोनिंग (डाग फिके करायचं सौम्य लेझर) सुरू झालं. चौथीनंतर सात महिन्यांनी जबड्याच्या कडेला पांढरट पट्टे दिसू लागले. चौथ्या सिटिंगला आता एक वर्ष अकरा महिने झाले आहेत. पावत्या घेतल्या नाहीत, सनस्क्रीनही मध्येच सोडलं होतं. संमतीपत्रावर न वाचता सही केली होती. त्यात "कोणत्याही दुष्परिणामाबद्दल दावा करणार नाही, तक्रार ३० दिवसांत करावी" असं आहे. आता निम्मे पैसे परत घ्या आणि एका कागदावर सही करा, असं क्लिनिक म्हणतं. माझी केस होते का?

उत्तर : होते. पण अजून महिनाभर अशीच घालवलीत, तर हाच प्रश्न विचारायला तुम्हाला उशिराच्या माफीचा अर्ज सोबत जोडावा लागेल.

लेझरच्या तक्रारी घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण संमतीपत्राला घाबरलेला असतो आणि कॅलेंडरकडे त्याचं लक्ष नसतं. संमतीपत्राचं पुढे बघू. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल झाली पाहिजे, नाहीतर ग्राहक आयोग ती दाखलच करून घेत नाही. तुमच्या प्रकरणात सगळं या एका कलमावर आणि "कारण कधी घडलं" या एका प्रश्नावर ठरणार आहे.

वैद्यकीय प्रकरणांत ही तारीख कशी धरायची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये श्रीखंडे प्रकरणात सांगितलं. इजा उघड दिसणारी असेल तर उपचाराच्या दिवसापासून मुदत मोजायची. इजा दडलेली असेल तर रुग्णाला ती कळली, किंवा नेहमीची काळजी घेतली असती तर कळली असती, त्या दिवसापासून मोजायची. त्या प्रकरणात शस्त्रक्रियेत पोटात गॉज (जाळीदार कापड) राहिलं होतं आणि ते अनेक वर्षांनी सापडलं. तरीही रुग्ण हरली, कारण इतकी वर्षं दुखत असताना शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना साधं विचारलंही नाही, हे न्यायालयाला पटलं नाही. म्हणजे "मला उशिरा कळलं" एवढं म्हणून भागत नाही. मधल्या काळात काय केलंत, तेही दाखवावं लागतं.

तुम्ही पत्रात काळे डाग आणि पांढरट पट्टे एकाच दमात लिहिलेत. डाग दोन प्रकारचे आहेत आणि त्यांची मुदतही वेगवेगळी चालते.

काळे डाग घ्या. लेझरने त्वचेला सूज आली की रंगपेशी चेकाळतात आणि साधारण तीन-चार आठवड्यांत त्या जागी काळपटपणा येतो. गव्हाळ-सावळ्या त्वचेत हे जास्त होतं. हे आरशात दिसतं, त्यामुळे ही उघड इजा. क्लिनिकचा वकील तिसऱ्या सिटिंगच्या दिवसापासून मोजेल. त्या हिशोबाने तुमची मुदत महिन्यापूर्वीच संपली. तुम्ही डाग दिसल्याच्या दिवसापासून मोजा म्हणाल, तरी ती याच आठवड्या-दोन आठवड्यांत संपते. ती गेल्यातच जमा धरा.

पांढरट पट्टे मात्र वेगळे. खोलवर जाणाऱ्या लेझरनंतर रंग कमी होणं बऱ्याचदा उशिरा, सहा महिन्यांपासून वर्षभराच्या दरम्यान, लाली आणि काळपटपणा ओसरल्यावर दिसायला लागतं. तोवर ते डॉक्टरलाही दिसत नाही. ही दडलेली इजा म्हणता येते, आणि ती दिसल्यापासून मोजलं तर तुमच्याकडे आणखी आठ महिने आहेत. पण या आठ महिन्यांवर विसंबू नका. दोन्ही डाग एकाच चुकीतून आले, ती चूक चौथ्या सिटिंगची आणि मुदत तिथूनच, असा युक्तिवाद समोरून होणारच. तो आयोगाला पटेल की नाही, हे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. म्हणून हिशोब सगळ्यांत कडक तारखेचा धरा : चौथी सिटिंग, अधिक दोन वर्षं. त्याआधी तक्रार दाखल झाली की हा वाद उरतच नाही.

गुणवत्तेवरही तुमचं प्रकरण चौथ्या सिटिंगवरच उभं राहतं. तिसरीनंतरचा काळपटपणा हा या उपचाराचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. तो झाला म्हणजे हलगर्जी झाली, असं कोणताही आयोग लगेच मानणार नाही. पण डाग ताजे असताना, ते फिके होण्याची वाट न बघता, टेस्ट पॅच (आधी छोट्या जागेवर चाचणी) न घेता, त्याच त्वचेवर पुन्हा लेझर आणि तेही जोर वाढवून? याचं उत्तर क्लिनिकला द्यावं लागेल. सावळ्या त्वचेवर एका पासमध्ये (लेझरच्या एका फेरीत) किती टक्के भाग व्यापायचा, ती घनता कमी ठेवतात आणि सिटिंगमधलं अंतर वाढवतात. घनता वाढली की मधल्या निरोगी त्वचेतही उष्णता साठते. जबड्याची कडा आणि मान इथे तेलग्रंथी कमी असल्याने जखम हळू भरते, म्हणून गालाची सेटिंग तिथे जशीच्या तशी वापरत नाहीत. तुमचे पट्टे नेमके जबड्याच्या कडेला आहेत, हे लक्षात ठेवा.

म्हणून आजच क्लिनिकला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ईमेलही चालेल, फोन नको. "माझी फाइल द्या" असं मोघम लिहू नका. प्रत्येक सिटिंगची ट्रीटमेंट शीट मागा : यंत्राचं नाव, ऊर्जा किती मिलिज्यूल, घनता किती टक्के, पास किती, हँडपीस कोणी धरला होता, त्या व्यक्तीचा नोंदणी क्रमांक, तुमच्या त्वचेचा प्रकार काय नोंदवला, टेस्ट पॅच घेतला होता का, आधीचे-नंतरचे फोटो आणि सही केलेलं संमतीपत्र. चौथ्या सिटिंगची ऊर्जा आणि घनता तिसरीपेक्षा जास्त निघाली, तर पुढचा निम्मा युक्तिवाद त्या एका कागदावर होतो. शीटच नसेल, तर तेही तुमच्या बाजूने जातं.

डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी आल्यावर नोंदी ७२ तासांत द्यायच्या असतात. त्याच नियमांत नोंदी तीन वर्षं ठेवा म्हटलंय, पण ते दाखल रुग्णांबद्दल. तुम्ही बाह्यरुग्ण. "आमच्याकडे आता काही नाही" हे उत्तर यायच्या आत अर्ज गेलेला बरा. तो दोन वर्षांपूर्वीच जायला हवा होता, असो.

संमतीपत्राबद्दल आता थोडक्यात. "तक्रार ३० दिवसांतच" ही अट करार कायद्याच्या कलम २८ पुढे टिकत नाही. कायद्याने दिलेली मुदत करारातून कापता येत नाही. "दावा करणार नाही" या वाक्यानेही हलगर्जी माफ होत नाही. दुसऱ्या बाजूने, संमतीपत्रात काळे-पांढरे डाग, व्रण, संसर्ग हे धोके तुमच्या भाषेत लिहिलेले असतील, तर "मला कोणी सांगितलंच नाही" हा मुद्दा कमकुवत होतो. न वाचता सही केली, हे आयोगापुढे कारण म्हणून सांगू नका, त्याने कोणाचंही मन द्रवत नाही. त्यापेक्षा बघा की चौथ्या सिटिंगसाठी वेगळी संमती घेतली होती का. पहिल्या दिवशी डाग नव्हते. चौथ्या सिटिंगच्या दिवशी होते, म्हणजे धोका बदलला होता. खरी संमती म्हणजे माहिती देऊन घेतलेली संमती, हे समीरा कोहली प्रकरणात २००८ मध्येच ठरलंय. तो निकाल तुमच्या परिस्थितीला कितपत लागू होईल, हे मात्र कागद बघूनच सांगता येईल.

निम्मे पैसे आणि "एक कागद". त्या कागदावर "पूर्ण आणि अंतिम तडजोड" किंवा "यापुढे कोणतीही तक्रार राहिली नाही" अशी ओळ असणार, नाहीतर सही कशाला हवी? तसल्या कागदावर सही करू नका. उपचार करण्याआधी घेतलेल्या माफीनाम्यापेक्षा उपचारानंतर, सगळं माहीत असताना पैसे घेऊन दिलेली सही कितीतरी जड असते. तडजोड करायचीच असेल तर तक्रार दाखल झाल्यावर कलम ३७ खाली आयोगामार्फत मध्यस्थीला जाता येतं. तिथे झालेलं नीट नोंदवलं जातं.

आणि चर्चा चालू आहे म्हणून मुदत थांबते, असं समजू नका. मोफत सिटिंगने ती थांबत नाही. वकिलाच्या नोटिशीने थांबत नाही. राज्य वैद्यकीय परिषदेकडे केलेल्या तक्रारीनेही थांबत नाही. परिषद नोंदणीवर कारवाई करू शकते, भरपाई देत नाही. ग्राहक तक्रारीआधी नोटीस सक्तीची नाही. पाठवायचीच तर सात दिवसांची पाठवा आणि त्या सात दिवसांत तक्रार लिहून ठेवा. पोलिसांकडे जायचा विचार असेल तर सोडा. जेकब मॅथ्यू प्रकरणापासून (२००५) डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी ढोबळ हलगर्जी आणि स्वतंत्र वैद्यकीय मत लागतं. त्या फेऱ्यांत तुमचा उरलेला महिना संपेल.

मोफत टोनिंगचे मेसेज मात्र सोन्यासारखे जपा. "जातील, अजून तीन सिटिंग करू" असं क्लिनिकने ज्या ज्या दिवशी लिहिलं, तो तो दिवस काळ्या डागांच्या उशिराचं कारण म्हणून दाखवता येतो. कलम ६९ मध्ये पुरेसं कारण असेल तर उशीर माफ करायची सोय आहे, पण आयोगाला त्याची कारणं नोंदवावी लागतात. तिसऱ्या सिटिंगपुरता तो अर्ज तक्रारीसोबतच जोडा. "कायदा माहीत नव्हता" हे कारण त्यात लिहू नका. व्हॉट्सॲपवर गायब होणारे मेसेज चालू असतील तर आता बंद करा, पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करा आणि तो फोन विकू नका. स्क्रीनशॉट कापून-छाटून देऊ नका, फोटोंच्या मूळ फाइल ठेवा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे लागणारं प्रमाणपत्र जोडून टाका. ग्राहक आयोग पुराव्याच्या बाबतीत दिवाणी कोर्टाइतका काटेकोर नसतो, पण समोरच्याला बोट ठेवायला जागा कशाला?

पावत्या नाहीत, असंही लिहिलंय. इतक्या महिन्यांच्या उपचाराची एकही पावती मागितली नाही, याला काय म्हणावं! यूपीआयच्या नोंदी, बँकेचं स्टेटमेंट, पॅकेज कार्ड, रक्कम सांगणारा मेसेज, जे असेल ते काढा. रोख दिलेल्या भागावर प्रतिज्ञापत्रात तारीखवार लिहा. टोनिंग मोफत होतं म्हणून तुम्ही त्यापुरत्या ग्राहक नव्हता, असं क्लिनिक म्हणू शकतं. ते मूळ पैशांच्या उपचाराचंच शेपूट होतं, हे आपण म्हणायचं.

दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञांकडे या आठवड्यात जा, आणि तोवर चेहऱ्यावर नवीन कोणतंही लेझर किंवा पील करू देऊ नका. त्याने पुरावा पुसला जातो. त्यांच्याकडून "हलगर्जी झाली" असं लिहून मागू नका, बहुतेक डॉक्टर ते लिहिणार नाहीत आणि ते त्यांचं कामही नाही. त्वचेचा प्रकार, पट्टे कुठे आणि किती सेंटिमीटर, वुड्स लॅम्पखाली (त्वचा तपासायच्या अतिनील दिव्याखाली) काय दिसलं, व्रण उंचावलेला आहे का, सुधारणेची शक्यता किती, एवढं तारखेसह लिहून घ्या. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये किशन राव प्रकरणात म्हटलंय. पण लेझरच्या सेटिंगचा वाद तज्ज्ञाशिवाय समजणं अवघड आहे, म्हणून तुमच्या बाबतीत मत असलेलं बरं.

तुम्ही सनस्क्रीन मध्येच सोडलं होतं, हे तुम्हीच लिहिलंय. ते तुमच्याविरुद्ध येणार. लपवू नका. कोणत्या महिन्यात सोडलं ते आठवून लिहा. चौथ्या सिटिंगआधी सोडलं असेल तर उन्हाने रापलेल्या त्वचेवर क्लिनिकने लेझर मारलंच कसं, हा प्रश्न उलटतो. नंतर सोडलं असेल तर भरपाई कमी होऊ शकते.

तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगात करता येते, क्लिनिक कुठेही असो. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या भरता येते. मोबदला म्हणून भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. निकालासाठी कायद्याने तीन महिने म्हटलेत. ते कोणी पाळत नाही आणि आयोगाला त्याचा जाब विचारणारंही कोणी नाही. तुमची दोन वर्षं मात्र दिवसाने मोजली जातात. क्लिनिकला उत्तरासाठी ३० अधिक १५ दिवसच मिळतात, त्यापुढे आयोगही वाढवून देऊ शकत नाही, हे घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ठरवलंय. पहिल्या तारखेलाच ते दाखवून द्या.

दोन वर्षं उलटलीच, तर दिवाणी दाव्याचा रस्ता साधारण तीन वर्षांपर्यंत उघडा असतो. त्याला कोर्ट फी लागते आणि वेळ किती जाईल ते विचारू नका. पोर्टलवर शेवटच्या रात्री भरायला बसू नका. फाइल अडकते, त्रुटी निघतात, प्रतिज्ञापत्रावर नोटरी राहून गेलेली असते. शेवटच्या तारखेच्या दहा दिवस आधी तक्रार भरून झालेली असू द्या आणि दाखल झाल्याच्या पावतीचं प्रिंट काढून ठेवा.