महागडं एकच, बाकी सीताबर्डीतून

सुरुवातीला डिझायनर कपडा एकच घ्या, आणि तो आठवड्यातून दोनदा अंगावर येईल असा. लग्नात मिरवायचा जॅकेट नव्हे. चप्पल-बूट, बॅग किंवा साधा लिनन शर्ट, यात घातलेला पैसा वसूल होतो. टी-शर्ट, लेगिंग, रोजचे कुर्ते आपल्या नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून घेतले तरी चालतात.

खरा फरक पडतो तो फिटिंगने. घेताना खांद्याची शिवण पाहा. ती खांद्याच्या हाडावरच यायला हवी. कंबर, लांबी, बाही टेलर सहज बसवून देतो, खांदा मात्र उसवून बसवणं कटकटीचं आणि महाग. शिवणीच्या आत जादा कपडा (दाब) किती सोडला आहे तेही बघा. अर्धा इंचही नसेल तर कपडा सैल करता येणार नाही. सुती कपडा आधी एकदा धुवा, मगच टेलरकडे न्या. नाहीतर अल्टर केलेली पँट पहिल्या धुण्यात घोट्याच्या वर चढते.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- डोक्यापासून पायापर्यंत लोगो. एक पुरे.
- सेल दिसला म्हणून खरेदी. घरातल्या तीन कपड्यांवर जात नसेल तर राहू द्या.
- मे महिन्यात पॉलिस्टर. पारा ४५ च्या पुढे जातो हो आपल्याकडे! मलमल, खादी, लिनन घ्या.

स्वस्त शर्टाची चकचकीत प्लास्टिक बटणं बदलून टाका, लगेच उजवा दिसतो. टसर रेशीम, करवतीसारख्या काठाच्या करवतकाठी साड्या वगैरे नंतर बघू.