संगीतकार असलेला माणूस संगीतोपचारक कसा होतो? कोल्हापुरात विशेष मुलांसाठी सुरुवात कशी करावी?

पॉल नॉर्डॉफ यांचं काम बघा. १९०९ साली जन्मलेले हे अमेरिकन संगीतकार बार्ड कॉलेजात प्राध्यापक होते. १९५९ मध्ये इंग्लंडमधल्या सनफील्ड संस्थेत तिथले विशेष शिक्षक क्लाइव्ह रॉबिन्स यांच्यासोबत विशेष मुलांसाठी वाजवू लागले आणि प्राध्यापकी सुटली. नॉर्डॉफ पियानोवर, रॉबिन्स मुलाशेजारी, मुलापुढे ड्रम आणि झांज. मूल बडवेल ती लय पियानो उचलायचा. प्रत्येक सत्र टेप करून पुन्हा ऐकायचं, मुलानं प्रतिसाद कुठं दिला ते टिपायचं.

संगीतकार अडतो तो इथंच. तो तयार चाल घेऊन जातो आणि मूल बेताल झालं की दुरुस्त करत बसतो. तालीम देवल क्लबासारख्या संगीत संस्थेत ठीक, इथं नाही.

पेटीवर एक हात भात्यात अडकतो, म्हणून मुलाजवळ दुसरा माणूस हवाच. हलगी आणू नका (कोल्हापूरकरांना मोह होणारच!), बंद खोलीत तिच्या कडकडाटानं आवाजाला हळवी मुलं कान झाकतात. ढोलकी हातानं, हळू. रेकॉर्डिंगला मोबाइल पुरतो, पण पालकांची लेखी परवानगी आधी घ्या. अपस्मार असेल तर डॉक्टरांना विचारूनच. आणि रीतसर प्रशिक्षण झाल्याशिवाय स्वतःला उपचारक म्हणवून घेऊ नका.